पाच गाड्यांचा एक रोबोट

शनिवारी सकाळची शाळा असते आणि रविवारी सुट्टी असते. म्हणून मोठी माणसे म्हणतात, पोरांना दोन दिवस काही काम नाही. पण त्या शनिवारी आणि रविवारी मला इतकी कामे झाली, की सोमवारी मी प्रार्थनेत उभ्या उभ्या डुलक्या घेत होतो. गुरुजींनी विचारले, "काय रे, रात्रभर रेल्वे हाकत होतास काय?" सगळी मुले हसली. तेव्हा मी काही बोललो नाही. आता इथे लिहितो.

मित्रहो, मी कोणाचेही नाव लिहिणार नाही. एकाचे लिहिले आणि दुसऱ्याचे राहिले की भांडण होते. म्हणून ज्याची जी गाडी, तेच त्याचे नाव. आम्ही पाच जण आहोत. जेसीबीवाला, क्रेनवाला, मिक्सरवाली, डंपरवाला आणि मी बुलडोझरवाला. मिक्सरवाली माझी चुलतबहीण लागते. डंपरवाला ऊसतोडीवाल्यांचा मुलगा आहे. तो बीड जिल्ह्यातला. दिवाळीनंतर त्याच्या आईवडिलांची टोळी आमच्या शिवारात उतरली. ओढ्याच्या कडेला त्यांच्या कोप्या होत्या. गुरुजी स्वतः कोप्यांवर गेले आणि त्याला चौथीत आणून बसवले. त्याची जागा माझ्या शेजारी होती.

डंपरवाल्याला भेंडाच्या गाड्या फार छान करता येतात. ज्वारीच्या धाटाची साल काढली की आत पांढरे मऊ भेंड निघते. त्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या चोयांनी टोचून जोडायचे. बैल, जू, चाके सगळे तो करतो. आमच्या वर्गात निम्म्या मुलांकडे त्याची गाडी आहे.

आम्हाला गाड्यांचा नाद आधीपासूनच आहे. जेऊर स्टेशनाजवळ दुसरा रूळ टाकायचे काम चालले होते, तेव्हा मी बालवाडीत होतो. आजी मला कडेवर घेऊन जेसीबी दाखवायला न्यायची. जेसीबीवाला पुढच्या खोऱ्याने माती भरतो. मग आपली खुर्ची गर्रकन मागे फिरवतो आणि मागच्या हाताने चर खणतो. एकच यंत्र, पण दोन कामे. मला तेव्हा वाटायचे, हे रात्री कोणी नसताना उभे राहून चालत असणार.

दिवाळीला मी करमाळ्याच्या एका दुकानात तसेच खेळणे पाहिले. एका खोक्यात एक गाडी होती. गाडी उलगडली की तिचा छोटा रोबोट होतो. अशा पाच गाड्या होत्या. पाची एकत्र जोडल्या की एकच मोठा रोबोट होतो. खोक्याच्या मागे तसे चित्र होते. दुकानदाराने एका गाडीचे साठ रुपये सांगितले. मी शाळेत येऊन सांगितले आणि आमचे ठरले, की प्रत्येकाने साठ जमवायचे.

जमवायला मार्च उजाडला. मी गल्ला फोडला. जेसीबीवाल्याने चिंचा विकल्या. मिक्सरवालीने भाऊबीजेची ओवाळणी जपून ठेवली होती. क्रेनवाल्याला त्याच्या आजोबांनी दिले. डंपरवाल्याची आई फडातले वाढे बांधून जनावरांसाठी विकते. त्यातले तिने त्याला थोडे थोडे दिले. त्याचे साठ रुपये सगळी नाणीच होती. ती त्याने फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मोजून घे." मी मोजली. बरोबर साठ होते.

आता शनिवारचे सांगतो. सकाळी शाळेत कवायत झाली. मग गुरुजींनी डंपरवाल्याला पुढे बोलावले आणि शिक्षण हमी कार्ड दिले. जी मुले आईवडिलांबरोबर गाव सोडून कामाला जातात, त्यांच्यासाठी ते असते. ते दाखवले की पुढच्या शाळेत लगेच बसवून घेतात. गुरुजी म्हणाले, "हे हरवू नको. तुझ्या गावच्या शाळेत दे." तेव्हा मला कळले की तो आता जाणार. पण कधी ते त्यालाही माहीत नव्हते. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मुकादम सांगेल त्या दिवशी निघायचे.

दुपारी मी आप्पांच्या मागे मोटारसायकलवर बसून करमाळ्याला गेलो. आप्पांना ठिबकच्या नळ्या जोडायचे सामान आणि ज्वारीसाठी पोती घ्यायची होती. आजीने कमळाईला वाहायला नारळ दिला होता. माझ्या खिशात पाच जणांचे तीनशे रुपये होते. वाटभर मी खिशावर हात दाबून धरला होता. आधी आम्ही देवळात गेलो. देवळाच्या बारवेला ९६ पायऱ्या आहेत असे आजी सांगते. मी मोजायला लागलो, पण चाळीसपर्यंत आलो आणि आप्पांनी हाक मारली.

दुकानात गेलो तर भाव वाढला होता. दुकानदार म्हणाला, "आता सुटी गाडी ऐंशीला. पाची घेशील तर साडेतीनशेला देतो." माझे तोंड एवढेसे झाले. तीनशे रुपयांत सुट्या तीनच गाड्या येत होत्या. मग कोणाला द्यायच्या आणि कोणाला नाही? मला घरी जावे असे वाटेना.

आप्पांनी खोके हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिले. ते आयएसआयची खूण शोधत होते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती खूण असणे सक्तीचे आहे, हे गुरुजींनी पालकसभेत सांगितले होते. खूण सापडली. मग आप्पा मला म्हणाले, "वरचे पन्नास मी घालतो. पण उद्या दिवसभर रानात कामाला यायचं. हाय कबूल?" मी म्हणालो, "हाय." अशा रीतीने पाच खोकी पोत्यांबरोबर जेऊरला आली.

संध्याकाळी आम्ही मारुतीच्या पारावर जमलो. कोणाला कोणती गाडी यावर आधी खूप भांडलो. सगळ्यांना जेसीबी पाहिजे होता, कारण त्याचेच मोठ्या रोबोटचे धड आणि डोके होते. शेवटी मिक्सरवालीने पाच चिठ्ठ्या केल्या. क्रेन म्हणजे उजवा हात, मिक्सर म्हणजे डावा हात, बुलडोझर म्हणजे उजवा पाय आणि डंपर म्हणजे डावा पाय. मला बुलडोझर आला. मला थोडे वाईट वाटले. डंपरवाला मात्र डंपर हातात घेऊन त्याची चाके जमिनीवर फिरवून बघत बसला. त्याला वाईट वाटलेले दिसले नाही.

खोक्यातल्या कागदावर नुसती चित्रे आणि बाण होते. आम्हाला काही जमेना. क्रेनवाल्याने जोर केला, तेव्हा कड् असा आवाज आला आणि आमचा श्वासच थांबला. पण काही मोडले नव्हते. मग डंपरवाल्याने कागद जमिनीवर ठेवून त्यावर दगड ठेवले आणि एक एक बाण बघत जोडायला घेतले. तो म्हणाला, "जोर करायचा न्हाई. ज्या अंगाला वळतंय त्याच अंगाला वळवायचं." गुरुजींनी आम्हाला सांधे शिकवले आहेत. कोपर आणि गुडघा हे बिजागरीचे सांधे, ते एकाच बाजूला वाकतात. खांदा हा उखळीचा सांधा, तो सगळीकडे फिरतो. रोबोटचेही अगदी तसेच होते. हात उखळीत बसत होते आणि गुडघ्याला बिजागरी होती. शेवटी डावा पाय टक् करून बसला आणि आमचा रोबोट उभा राहिला. तो माझ्या दीड वितीएवढा उंच आहे. आम्ही इतके ओरडलो की पारावरचे म्हातारे उठून बघायला आले.

माझा दादा पुण्याला शिकतो. तो त्याच दिवशी रेल्वेने आला होता. त्याने सांगितले, "अशी खेळणी आधी जपानमधली टाकारा कंपनी करत होती. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीने ती ट्रान्सफॉर्मर्स नावाने विकायला काढली. १९८५ मध्ये सहा बांधकामाच्या गाड्या जोडून होणारा एक मोठा रोबोट आला. त्याचे नाव डेव्हास्टेटर. मग २००७ मध्ये त्यांच्यावर मोठा सिनेमा निघाला." आपल्या गाड्या त्या कंपनीच्या नाहीत, पण तशाच जातीच्या आहेत, असे दादा म्हणाला. आजी म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर म्हंजी रानातली डीपी न्हवं का?" सगळे हसले.

दादाने आणखी एक सांगितले. रोबोट हा शब्द कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून आला. त्यांच्या भाषेत रोबोटा म्हणजे वेठीचे काम.

रविवारी आप्पांनी मला रोबोटच केले. पहाटे उठून मी म्हशीला वैरण टाकली. मग रानात गेलो. आमची मालदांडी ज्वारी उपटून पसरली होती. बायका कणसे खुडत होत्या. मी पाटीने कणसे खळ्यावर नेऊन टाकत होतो. मग सगळ्यांना पाणी दिले. मग कडब्याच्या पेंढ्या गंजीपाशी ओढून नेल्या. धाटाच्या पानांनी हात कापले आणि मानेला खाज सुटली. दुपारी भाकरी खाल्ली आणि पुन्हा तेच. आप्पांनी पन्नास रुपये पुरेपूर वसूल केले.

दिवस मावळायला आला तेव्हा चौघे आमच्या खळ्यावर आले. आम्ही पुन्हा रोबोट जोडला. तेवढ्यात डंपरवाला म्हणाला, "आमचा पट्टा पडला. मुकादम म्हनला, उद्या पहाटं निघायचं."

कोणी काही बोलले नाही. मग सगळ्यांनी आपापली गाडी सुटी केली. डंपर निघाला आणि आमचा रोबोट आडवा पडला. मला एकच दिसत होते, की आता हा कधीच उभा राहणार नाही. दिवाळीपासून पैसे जमवले. दिवसभर काम केले. आणि एका दिवसात सगळे संपले.

आता मी जे केले ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. डंपरवाला माझ्या आईला राम राम करायला घरात गेला. त्याचा डंपर पोत्यावर होता. बाकीचे तिघे बांधावर पळाले होते, कारण तिकडे शेळ्या शिरल्या होत्या. मी डंपर उचलला आणि कडब्याच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून आत सारला.

तो परत आला आणि शोधू लागला. सगळे शोधू लागले. मीही शोधू लागलो. मी पोती उचलून उचलून बघितल्यासारखे केले. अंधार पडला. त्याच्या आईची हाक आली. तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे. घावला तर तुमच्यापाशीच ठेवा. रोबोट तर उभा ऱ्हाईल." आणि तो गेला.

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

रात्री सगळे झोपल्यावर मी कंदील घेऊन गंजीपाशी गेलो आणि डंपर काढला. बाकीच्या गाड्या माझ्याकडेच राहिल्या होत्या. मी मोठा रोबोट जोडला. तो उभा राहिला. मी त्याच्याकडे बघत बसलो, पण मला काहीच आनंद होईना. आजी जागी होती. तिचे गुडघे रात्री दुखतात. ती म्हणाली, "काय करतोस रं अंधारात?" मी आधी काही नाही म्हणालो. मग मला रडू आले आणि मी सगळे सांगितले.

आजी ओरडली नाही. ती म्हणाली, "काल माझा नारळ देवीला वाहिलास, आन् आज पोराचा पाय काढून घेतलास?" मी म्हणालो, "पाय रोबोटचा हाय, त्याचा न्हाई." आजी म्हणाली, "त्यानं नाणी मोजून दिली हुती का न्हाई?" मी म्हणालो, "दिली हुती." मग ती काही बोलली नाही. तिने आप्पांना उठवले.

आम्ही मोटारसायकलवरून ओढ्यावर गेलो तेव्हा चांगलाच अंधार होता. कोप्या मोडल्या होत्या. ट्रॅक्टर चालू होता. ट्रॉलीत बांबू, पाचटाच्या मोळ्या, भांडी, पाण्याचे पिंप आणि डालग्यात कोंबड्या होत्या. त्या सगळ्याच्या वर डंपरवाला गोधडी पांघरून बसला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात गुरुजींनी दिलेले कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेले दिसत होते.

मी वर हात करून डंपर दिला. वाटेत मी ठरवले होते, की गंजीत सापडला असे सांगायचे. पण आप्पा मागे उभे होते. आणि तो माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "घावला न्हाई. मीच लपवला हुता."

त्याने डंपर घेतला. त्याचा रोबोट केला. पुन्हा डंपर केला. चाके फिरवून बघितली. मला वाटले, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही. मग तो म्हणाला, "भेंडाचा पाय कर. मधी बांबूची काडी घाल, न्हाई तर वाकंल." ट्रॅक्टर हलला. मी त्याला विचारले, "पुढच्या दिवाळीला येणार का?" तो ओरडून काहीतरी म्हणाला. ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू आले नाही. आप्पा म्हणाले, "मुकादम जिकडं नेईल तिकडं जात्यात ती."

मग मी तसाच शाळेत आलो. म्हणून डुलक्या.

मधल्या सुट्टीत मी तिघांना खरे सांगितले. जेसीबीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मिक्सरवाली म्हणाली, "मला कळलंच हुतं, तू पोती सारखी सारखी उचलत हुतास." क्रेनवाला म्हणाला, "आता पाय कोण करणार?" मी म्हणालो, मी करणार.

भेंडाचा पहिला पाय लहान झाला. दुसरा पाय वाकला, कारण मी काडी घालायला विसरलो होतो. तिसऱ्यात मी बांबूची काडी घातली. पण भेंड फार हलके असते, म्हणून रोबोट उजवीकडे कलंडायचा. मग मिक्सरवालीने पायाच्या तळाला चिखलाचा गोळा लावून वाळवला. आता तो उभा राहतो. एक पाय पिवळ्या प्लॅस्टिकचा आणि एक पाय पांढऱ्या भेंडाचा. गुडघा मात्र करता आला नाही. बिजागरीचा सांधा भेंडात जमत नाही. म्हणून तो डावा पाय ताठ ठेवतो, आमच्या आजीसारखा.

गुरुजी म्हणाले, निबंधाच्या शेवटी बोध लिहावा. बोध असा आहे, की ज्याची वस्तू त्याला द्यावी, मग आपला रोबोट पडला तरी चालेल.

आमचा रोबोट या भित्तिपत्रकाच्या खाली खिडकीत ठेवला आहे. पालकांनी जरूर पाहावा, पण ओढू नये. डावा पाय तात्पुरता आहे. खरा पाय बीड जिल्ह्यात आहे.